गिरणीच्या दारातली रांग

माझा भाचा सध्या एमपीएससीची तयारी करतोय. (आमच्या घरात कोणी ना कोणी कायम एमपीएससीची तयारी करत असतंच.) परवा त्याने सरावाचा एक प्रश्न आणि त्याचं लिहिलेलं उत्तर वाचायला पाठवलं. प्रश्न असा, 'विकसनशील अर्थव्यवस्थेत उद्योग व सेवा क्षेत्रे बेरोजगारी कमी करू शकतात काय? चर्चा करा.' उत्तर नीटनेटकं होतं. शेतीतले जादा हात कारखान्यात जातात, कारखान्यातून पुढे सेवा क्षेत्रात जातात, इंग्लंडात असंच झालं, जपानात असंच झालं, सबब होय. गुण नक्की मिळतील.

मला मात्र वाचताना गंमत वाटली. या पोराच्या पणजोबांपासून आमचं घर याच प्रश्नाच्या मागेपुढे धावतंय, आणि त्या घरातला एकही माणूस त्या उत्तरात बसत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. नातेवाईक मंडळींना यातलं घरचं सगळं ठाऊक आहे, त्यांनी ते परिच्छेद गाळले तरी चालेल. लांबण लागणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) आलं, तिकडचा कापूस बंद पडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा खेळू लागला. १८६५ साली तो फुगा फुटला आणि भलेभले बुडाले, तरी गिरण्या वाढतच गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास माणसं काम करत होती. त्या काळाच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. देशात दुसरीकडे कुठे एका शहरात एका धंद्याने इतक्या लोकांना पगार दिला असेल तर कलकत्त्याच्या आसपासच्या तागाच्या गिरण्यांनी.

ही माणसं कुठली? मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातला, त्याखालोखाल सातारा-पुण्याकडचा. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. भाताची खाचरं थोडी, बाकी सगळा डोंगरउतार, वरकस. त्यावर नाचणी-वरी. वर खोताचा वाटा. चार भाऊ असतील तर एक शेती करायला पुरे, उरलेले तिघे घरात नुसते जेवायला. अर्थशास्त्रात यालाच छुपी बेरोजगारी म्हणतात. आमच्या पणजीच्या भाषेत याला 'खाणारी तोंडं' म्हणत.

आर्थर लुईस नावाचे सेंट लुशियाचे अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी १९५४ साली याच तीन भावांवर एक सिद्धान्त मांडला (पुढे १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं). शेतीतून असे भाऊ काढून घेतले तरी पीक कमी होत नाही. कारखानदाराने त्यांना पोटापुरत्या मजुरीपेक्षा थोडं जास्त दिलं की ते येतात. नफा होतो, नफ्यातून आणखी कारखाने निघतात, आणखी भाऊ येतात, आणि एक दिवस गावातले जादा हात संपतात. मग मजुरी वाढायला लागते. भाच्याचं उत्तर म्हणजे हाच लुईस, फक्त नाव न घेता.

आता आमचे आजोबा. ते १९३८ मध्ये बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. गाववाल्यांच्या खोलीत जागा मिळाली. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं, जेवायला खानावळीत. लुईसच्या हिशेबाप्रमाणे इथे त्यांची बेरोजगारी संपायला हवी होती. प्रत्यक्षात ते 'बदली' झाले.

बदली म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे बदली. रोज सकाळी भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. खात्याचा जॉबर येणार, नजर फिरवणार, दोघांना बोटाने बोलावणार. बाकीच्यांनी घरी जायचं. जॉबरला खूश ठेवणं हा त्या पगारावरचा पहिला कर. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेने या प्रकाराला शिस्त लावायची म्हणून बदली कार्डं काढली. जॉबरची मनमानी काहीशी कमी झाली असेल, पण रांग तिथेच राहिली, फक्त आता हातात कार्ड घेऊन. आजोबा सांगायचे, पहिल्या वर्षी महिन्यात दहा दिवस काम मिळालं तरी तो महिना चांगला म्हणायचा.

मग प्रश्न असा की महिन्यात दहा दिवस काम आहे हे माहीत असून माणसं येत का होती? आणि एवढ्या गिरण्या वाढल्या तरी दारातली रांग का संपली नाही?

याचं उत्तर मला फार उशिरा, आणि तेही आफ्रिकेतल्या उदाहरणातून मिळालं. १९६४ साली, स्वातंत्र्य नुकतंच मिळालेल्या केनियात सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी मिळून करार केला. मालकांनी ठरावीक टक्के जास्त माणसं कामावर घ्यायची, सरकारनेही घ्यायची, बदल्यात कामगारांनी पगारवाढ मागायची नाही. बेत चांगला होता. पण नैरोबीत नोकऱ्या निघाल्यात ही बातमी गावोगाव गेली आणि नोकऱ्यांपेक्षा जास्त माणसं शहरात आली. त्या काळात पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये हा सगळा मामला समीकरणात बसवला. सोप्या मराठीत सांगायचं तर गावातून निघणारा माणूस वेडा नसतो. तो शहरातला पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा मनातल्या मनात गुणाकार करतो. तो गुणाकार गावातल्या मिळकतीपेक्षा मोठा असेल तोवर तो रांगेत उभा राहणार. म्हणजे शहरात नोकऱ्या वाढवल्या की शक्यता वाढते, शक्यता वाढली की रांग वाढते. रांग किती लांब असेल हे बऱ्याच अंशी गावातली मिळकत ठरवते, एकटी गिरणी नव्हे.

हे वाचल्यावर मला आजोबांच्या दहा दिवसांचा हिशेब लागला. त्यांच्यासाठी तुलना दहा दिवस आणि तीस दिवस यांच्यात नव्हतीच. तुलना होती दहा दिवसांचा रोख पगार आणि भावाच्या खाचरात चौथा माणूस म्हणून उभं राहणं यांच्यात.

थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. ही रांगही सगळ्यांना सारखी नव्हती. साळखात्यात, म्हणजे मागावर, पगार चांगला, पण तिथे दलितांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळ! मग त्यांना कमी पगाराच्या रिंग खात्यात ठेवायचं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला होता. बायकांचंही तसंच. सुरुवातीच्या काळात गिरण्यांत बायका बऱ्याच होत्या, पाचातली एक असेल. पुढे यंत्रं बदलली, रात्रपाळ्या आल्या, आणि त्या कमी कमी होत गेल्या. मग त्यांनी काय केलं? खानावळी चालवल्या. पगारपत्रकावर नाव नाही म्हणून त्यांना कामगार म्हणायचं नाही, पण त्यांच्याशिवाय एक भोंगा वाजला नसता. सेवा क्षेत्र सेवा क्षेत्र म्हणतात ते गिरणगावात पहिल्यापासून होतंच की.

असो. आजोबा पुढे कायम झाले. महायुद्धात गिरण्या दिवसरात्र चालल्या, तेव्हा माणसं हवी होती. त्यांची मनीऑर्डर दर महिन्याला गावी जाऊ लागली, आणि आमच्या सगळ्या तालुक्याचीच गत तशी झाली. लोक कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत ते उगीच नाही. पण यातली दुसरी बाजू लोक विसरतात. गिरणीचा पगार गाव पोसत होता हे खरं, तसंच गावही गिरणी पोसत होतं. म्हातारपण गावात, बाळंतपणं गावात, आजारपण गावात, आणि संप झाला की तांदूळ गावचा. गिरणीमालकाला या कशाचाच खर्च नव्हता.

याची खरी परीक्षा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात झाली. त्या संपावर एवढं लिहिलं-बोललं गेलंय की मी फार बोलणार नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तो विरत विरत गेला. सामंतांच्या चुका, सरकारचा हट्ट, मालकांना संप हवाच होता की नव्हता, यावर आमच्याकडे गणपतीत अजूनही भांडणं होतात. मला एकच गोष्ट सांगायची आहे. मागण्यांमध्ये पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. १९३५ ची बदली कार्डं, आणि १९८२ सालीही तीच रांग. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, पंचवार्षिक योजना झाल्या, आणि आमचे धाकटे काका, १९७४ पासून, आजोबांसारखेच दारात उभे होते. आठ वर्षं बदली. संप झाला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

संपात काका गावी गेले. हजारो लोक गेले. गावाने सांभाळलं म्हणून तर संप इतका लांबला. १९८३ मध्ये काका परत आले तेव्हा गिरणीने त्यांना सांगितलं, जागा नाही. बाबा कायम होते, त्यांना घेतलं. पुढे तीही गिरणी बंद झाली आणि त्यांची देणी मिळता मिळता माझी दहावी-बारावी उरकली. त्या संपानंतर एकूण लाखाच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आकड्यावर वाद आहेत.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे (मजेशीर म्हणजे दुरून बघितली तर). कापड विणायचं थांबलं नाही. ते भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूम, बारा-बारा तास, बोनस नाही, फंड नाही, संघटना नाही. ही गळती संपाच्या बरीच आधी सुरू झाली होती, संपाने फक्त दार सताड उघडलं. म्हणजे उद्योगाने रोजगार दिलाच, फक्त वेगळ्या माणसांना आणि वेगळ्या भावाने. बेरोजगारीच्या तक्त्यात गिरणीचा कायम कामगार गेला आणि पॉवरलूमवाला आला, तर बेरीज जवळपास तीच दिसेल. तक्त्याला आणखी काय दिसणार?

आणि मुंबईत त्या जागी आलं सेवा क्षेत्र. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांची जमीन विकायला वाट मिळाली, पण अट होती: ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची ठरली, बांधकाम असलेली जागा हिशेबातून बाहेर. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल ग्राह्य धरला. सहाशे एकरांच्या आसपासच्या गिरणी-जमिनीचं भवितव्य त्या एका शब्दावर फिरलं. २००५ साली कोहिनूर मिलची दादरची जागा ४२१ कोटींना गेली. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं.

माझं स्वतःचं ऑफिस अशाच एका बंद गिरणीच्या जागेवर आहे. मी तिथे संगणकावर परदेशातल्या लोकांचे विम्याचे कागद तपासतो. तेव्हा सेवा क्षेत्राने रोजगार दिला नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? दिला. पण मला दिला, काकांना नाही. अठ्ठावीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या विणकराला त्या इमारतीत एकच काम मिळू शकतं, दारावर उभं राहायचं. मला ते काम मिळालं कारण बाबांच्या कायम पगारातून माझी फी भरली गेली. म्हणजे कारखान्यातून सेवा क्षेत्रात जातो तो माणूस नव्हे, त्याचा मुलगा किंवा नातू, आणि तोही मधल्या वर्षांत घर टिकलं तर. भाच्याच्या उत्तरात या बाणाच्या दोन टोकांमध्ये पंचवीस वर्षं आहेत, ती त्याने लिहिलेली नाहीत. ज्यांचं घर त्या पंचवीस वर्षांत टिकलं नाही त्यांच्यावर जयंत पवारांनी 'अधांतर' लिहिलं, ते जरूर मिळवून बघा.

आणि प्रमाण बघा. देशातल्या सगळ्या आयटी आणि बीपीओ कंपन्या मिळून पन्नास लाखांच्या वर लोक. काम करणारे किंवा काम शोधणारे लोक ५५ कोटींच्या वर. शंभरात एक. बाकी सेवा क्षेत्र म्हणजे डिलिव्हरीवाला, रिक्षावाला, वॉचमन, मोबाइल दुरुस्तीची टपरी. हे हलकं काम आहे असं मी म्हणत नाही, पण यातली बरीच कामं 'काहीतरी करायला हवं' म्हणून केलेली आहेत. दुसरं काही मिळालं नाही की माणूस टपरी टाकतो, आणि तक्ता म्हणतो, हा बेरोजगार नाही.

सरकारच्या पाहणीप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते. २०२३-२४ मध्ये ते ४६ टक्के झाले. लुईसच्या बाणाचं टोक उलटं फिरलं! यात बायका शेतीकामात जास्त मोजल्या गेल्या हा भाग आहे, आणि २०२० ची टाळेबंदीही आहे. त्या वर्षी चाकरमानी कोकणात परतले तेव्हा गावागावांतल्या शाळांत त्यांना चौदा-चौदा दिवस ठेवलं होतं. काका मला फोनवर म्हणाले, "अरे, ब्याऐंशी सालासारखंच चाललंय हो."

मग काय, उद्योग आणि सेवा काही कामाचे नाहीत? तसं मला अजिबात म्हणायचं नाही. मला वाटतं त्यांनी बेरोजगारी कमी करण्याची एक वाट अशी आहे जी कुणी उत्तरात लिहीत नाही, आणि ती आपल्या पगाराच्या स्लिपवर छापलेली असते. प्रोफेशन टॅक्स. माझे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माझ्या कुठल्याही सहकाऱ्याला विचारा, हा कर कशासाठी सुरू झाला, सांगता येणार नाही.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग झाला. काम मागेल त्याला काम द्यायचं. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून आणायचा? १९७५ साली कायदा करून नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणि तो या योजनेसाठी राखला. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाने, बँकवाल्याने, गिरणीतल्या कायम कामगारानेसुद्धा, खेड्यातल्या रांगेसाठी दर महिन्याला थोडे पैसे द्यायचे. पुढे केंद्राने २००५ साली देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला त्याची मुळं इथे आहेत. योजनेत भ्रष्टाचार झाला, खोट्या हजेरीपटांची प्रकरणं निघाली, खडी फोडून फोडून पुढे काय असंही लोक म्हणाले. सगळं मान्य. पण हॅरिस-टोडारोंचं गणित खरं असेल तर रांग कमी करायची जागा गावात आहे, आणि तिथे पैसा नेणारी ही नळी होती.

आमच्या काकांपर्यंत ती नळी १९९० नंतर पोचली. त्या वर्षी रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, आणि त्या मजुरीचे आणि कलमांचे पैसे सरकारने द्यायचे. झाडं जगली तर पुढच्या वर्षीचे पैसे. कोकणात त्यामुळे किती वरकस जमीन आंबा-काजूखाली आली हे मुंबई-गोवा रस्त्याने जाताना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. काकांनी पहिल्या वर्षी दोन एकरांत काजूची कलमं लावली. पाणी डोक्यावरून, हंड्याने, काकूने. चौथ्या-पाचव्या वर्षी बी हाती लागायला लागली. बदली कार्ड त्यांनी तोवर जपून ठेवलं होतं, ते नंतर कुठे गेलं त्यांनाही आठवत नाही.

काकांचे दोन्ही मुलगे मुंबईत नोकरीला आहेत. एक कुरिअरमध्ये, एक मॉलमध्ये. बागेत काम करायला गावात तरुण माणूस नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आता बागा राखायला, फवारणीला नेपाळहून माणसं येतात, आमच्याकडेही दोघं आहेत. दिवाळी झाली की येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यातला एक गेली सहा वर्षं येतोय, मराठी छान बोलतो. तिकडे भाऊ चौघे आहेत आणि जमीन एकाला पुरेल एवढीच, असं तो सांगतो. त्याच्या धाकट्याला मुंबईत सिक्युरिटीमध्ये कुठे लावता येईल का, असं काकांना विचारत होता. काकांनी त्याला माझा नंबर दिलाय.